सोनोग्राफीत एक दोष दिसला की बाकीची सगळी यादी लगेच सांगावी का?

चैत्राली: बहिणीचा २० व्या आठवड्यातला, बाळातले दोष बघायचा अ‍ॅनॉमली स्कॅन झाला, बाळाची डावी किडनी दिसली नाही आणि नाळेत दोनऐवजी एकच धमनी. डॉक्टरांनी तिथल्या तिथे 'व्हॅक्टर्ल' (एकत्र आढळणाऱ्या जन्मजात दोषांचा गट) हा शब्द काढला आणि मणके, गुदद्वार, हृदय, श्वासनलिका-अन्ननलिका, किडनी, हातपाय, सगळं मोजून दाखवलं. आज चौथा दिवस, ती झोपलेली नाही, फीटल इको (बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) पुढच्या आठवड्यात आहे. माझं म्हणणं, दिसलंय तेवढंच सांगा ना, बाकीचं आधी तपासा मग बोला. एकच धमनी असलेली बहुतेक बाळं, दुसरं काही नसेल तर, ठणठणीत असतात.

सोनो_ताई: मी रोज स्कॅन करते, मला हे पटत नाही. एक तर नाळेची धमनी त्या सहात मोजत नाहीत, तो फक्त इशारा असतो की नीट बघा. आणि सहातले किमान तीन असल्याशिवाय सहसा व्हॅक्टर्ल म्हणत नाहीत, हे तिला सांगितलं नसेल तर चूक नक्की झाली. पण हे अवयव गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, म्हणून एक बिघडलेला दिसला की बाकीचे शोधायचेच. हाताचं रेडियस हाड नसेल तर ट्रायसोमी १८ (१८ वं गुणसूत्र एक जादा असणं) किंवा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांचा विचार येतो, मग बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासायला सांगावं लागतं. कारण न सांगता आईला सुई टोचून घे म्हणायचं का?

निमिष_बाबा: सुईचं मान्य. पण आमचंही 'एक किडनी नाही' झालं होतं. महिन्याने दुसऱ्या स्कॅनला ती सापडली, खाली ओटीपोटात बसलेली. तो महिना बायको पोटावर हात ठेवायची नाही. चैत्रालीशी सहमत.

रेवाची_आई: मला उलट भोगावं लागलं. आमच्या स्कॅनमध्ये सगळं नॉर्मल, बाळाच्या जठराचा फुगाही दिसला, कारण अन्ननलिका बंद असली तरी श्वासनलिकेला जोडलेल्या वाटेने पाणी पोटात जातं, हे मला नंतर कळलं. गुदद्वार बंद असणं तर स्कॅनमध्ये बऱ्याचदा सुटतंच. जन्मल्यावर नळी पोटात जाईना, तेव्हा समजलं, आणि एका दिवसाचं बाळ अँब्युलन्समधून दुसरीकडे न्यावं लागलं. कुणी निदान शक्यता जरी बोललं असतं तर लहान बाळांचे सर्जन जिथे आहेत तिथेच बाळंत झाले असते. माझी झोप गेली असती तर गेली असती. आणि बहिणीला हे नक्की सांगा, व्हॅक्टर्लमध्ये सहसा बुद्धीला काही होत नाही, माझी मुलगी शाळेत जाते.

निमिष_बाबा: तुमचं वाचून गप्प झालो. तरी प्रश्न राहतोच, तुमच्या स्कॅनमध्ये काहीच दिसलं नव्हतं, मग यादी कशावरून सांगणार होते?

रेवाची_आई: सातव्या महिन्यात बाळाभोवतीचं पाणी खूप वाढलं होतं. बाळ पाणी गिळत नसलं की वाढतं. 'होतं कधीकधी' म्हणून सोडून दिलं.

चैत्राली: इको झाला. हृदय नीट आहे. पण मणक्यातला एक अर्धाच बनलाय. म्हणजे दोन झाले, तिसरा अजून तरी नाही. यादी ऐकलेली होती म्हणून ती आज कोसळली नाही, उलट तिनेच विचारलं की पाणी किती आहे. एवढं मी मान्य करते. पण काय दिसलं, काय बघूनही दिसलं नाही आणि काय सोनोग्राफीत दिसतच नाही, हे तीन वेगळं करून पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?

सोनो_ताई: लिहून मागा, द्यायला हवं. आणि आता दर स्कॅनला पाणी मोजून घ्या.