१ एप्रिल राहिला की!

तुमची संगीतातल्या दिनविशेषांची यादी झकास जमलीये, पण एप्रिलमध्ये थेट ८ तारखेच्या कुमार गंधर्वांच्या जयंतीवर उडी मारलीत. १ एप्रिल घालाच. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं, म्हणजे रामकथेवरच्या गीतमालिकेचं, पहिलं गाणं त्या सकाळी प्रसारित झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे (ग. दि. माडगूळकर), चाली बाबूजींच्या (सुधीर फडके). (दोघंही १९१९ सालचे, तेव्हा वय पस्तिशीतलं!)

वर कुणीतरी विचारलंय, आठवड्याला एक गाणं तर ५२ व्हायला हवीत, ५६ कशी? त्या वर्षी अधिक भाद्रपद होता. मालिका एका रामनवमीला सुरू करून पुढच्या रामनवमीला संपवायची ठरलेली, आणि ती आली १९ एप्रिल १९५६ला. म्हणजे ३८४ दिवस. आठवडे वाढले, तशी गाणीही वाढली. दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल, तालीम आणि प्रसारण हे वर्षभराहून जास्त न चुकता चालवणं म्हणजे खायचं काम नाही. त्यात गायक एकटे बाबूजी नव्हते, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडेही होते, हे आता बरेच जण विसरतात.

आता गीतरामायणाचा वाढदिवस तारखेनं धरायचा की तिथीनं, यावर भांडा खुशाल. माझं मत तिथीला, कारण मालिकाच तिथीवर बेतलेली होती.

जाता जाता, १५ जुलैला दोन नोंदी हव्यात: गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म (१९०४) आणि बालगंधर्वांचं निधन (१९६७). तुमच्याकडे एकच दिसतेय.