चांगली स्टोरी हवी तर हातातला कंट्रोल सोडावाच लागतो का? (स्पॉयलर आहेत, जपून वाचा)

निशाचर:
रेड डेड रिडेम्प्शन २ परत खेळायला घेतलाय आणि एक गोष्ट फार खुपतेय. मिशन चालू नसतं तेव्हा हा गेम वाट्टेल ते करू देतो, दिवसभर मासे धरत बसा, हरणामागे डोंगरात जा, रस्त्यात भेटलेल्या माणसाला मदत करा नाहीतर लुटा, कोणी विचारत नाही. पण मिशन, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी कामगिरी, सुरू झालं की आखून दिलेल्या रेषेबाहेर पाय टाकायचा नाही. समोरून गोळीबार चाललाय म्हणून मी बाजूच्या टेकडीवर चढून वरून नेम धरायला गेलो तर जरा लांब गेल्या गेल्या मिशन फेल, का तर साथीदाराला सोडून गेलो! गेमचा नायक आर्थर मॉर्गनची गोष्ट मला जिवापाड आवडते म्हणूनच हे जास्त लागतं. गोष्ट नीट सांगायची तर खेळणाऱ्याचे हात बांधावेच लागतात का? दोन्ही जमलंय असा एखादा गेम सांगा ना.

कोकणवारा:
मिशनबद्दल म्हणतोस ते शंभर टक्के पटलं. पण गोष्टीत काय घडणार हे लेखकाने ठरवलं तर मला चालतं, ते मी कसं करायचं हेही त्यानेच ठरवलं की डोकं फिरतं. डाउन्स या कर्जदाराकडे वसुलीला जावंच लागतं, तो बिचारा खोकत असतो आणि तिथूनच आर्थरला टीबी लागतो. ते टाळायची सोय दिली असती तर पुढची गोष्टच उरली नसती. तिथे माझी काही तक्रार नाही. तुझ्या टेकडीने मात्र गोष्टीचं काय बिघडणार होतं? काहीच नाही.

हात बांधून सुद्धा जमलेलं बघायचं तर द लास्ट ऑफ अस (२०१३) या गेमचा शेवट बघ, त्यात आपण जोएल असतो आणि एली या मुलीला वाचवायला निघालेलो असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये एली बेशुद्ध पडलेली, सर्जन हातात स्काल्पेल धरून आडवा उभा. तिथे कटसीन (नुसता बघायचा, खेळता न येणारा प्रसंग) टाकून मोकळं होता आलं असतं, पण कंट्रोल आपल्याच हातात ठेवलाय. नुसते उभे राहिलात तर काही घडत नाही, तो वार करत नाही आणि गेमही पुढे जात नाही, शेवटी आपल्यालाच त्याला मारावं लागतं. सर्जनच्या मागच्या दोन सहकाऱ्यांना मारायचं की सोडायचं हे मात्र आपल्यावर. जोएल जे करणार ते करणारच, पण बटण आपण दाबलेलं असतं, म्हणून ते अंगावर येतं.

पिक्सेलवाली:
@कोकणवारा मला तो सीन असा नाही वाटला. मला सर्जनला मारायचंच नव्हतं, आणि दुसरा रस्ताच नसेल तर त्याचं ओझं माझ्यावर का टाकता? स्पेक ऑप्स: द लाइन (२०१२) मध्ये पण हेच, दुबईत व्हाइट फॉस्फरस (माणसं जाळणारं रसायन) टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि नंतर जळालेले सामान्य लोक दाखवून तुम्हालाच अपराधी ठरवतात. मला ते अजिबात पटलेलं नाही.

पण त्याच गेममध्ये पुढे एक जागा आहे ती खरी कमाल. लोकांनी आपल्या साथीदाराला, लुगोला, फासावर लटकवलेलं असतं, जमाव अंगावर येतो, दगड मारतो, आणि स्क्रीनवर कसलाही पर्याय दाखवत नाहीत, दोन बटणं नाहीत की काही नाही. कित्येक जण सरळ गोळ्या घालतात. पण हवेत गोळी झाडली तर लोक पळून जातात आणि गेमला ते चालतं! तुमच्या हातात जे आधीपासून होतं त्यातूनच निवड करायची, मला हवा असलेला कंट्रोल तो हा.

सेव्हपॉइंट:
मी गेम टेस्टिंगमध्ये आहे म्हणून आतली बाजू सांगते. मिशनमध्ये जागोजागी न दिसणाऱ्या चौकटी ठेवलेल्या असतात, तुम्ही त्यात शिरलात की संवाद सुरू होतो, शत्रू बाहेर येतात, साथीदार पुढच्या आडोशाला पळतो. तुम्ही टेकडीवरून आलात तर यातलं निम्मं सुरूच होत नाही, मग साथीदार तिथेच उभा आणि दार बंद. हे सगळं सांभाळायचं तर प्रत्येक वाटेसाठी वेगळे संवाद रेकॉर्ड करा, वेगळं टेस्टिंग करा, त्यापेक्षा मिशन फेल करणं स्वस्त पडतं. म्हणून बरोबर आहे असं मी म्हणत नाही, इतक्या मोठ्या गेमने तरी तो खर्च करायला हवा होता.

छोट्या टीमचं वेगळं असतं. आपल्या पुण्यात बनलेला राजी (२०२०) हा गेम बघा, त्यात गोष्ट छायाबाहुल्यांच्या कटसीनमधून येते, पिंगुळीचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्यांना लगेच जवळचं वाटेल. तिथे कंट्रोल सुटतो पण मला खटकलं नाही, कारण बाहुल्या बघायच्या तेव्हा बघायच्या आणि लढायचं तेव्हा लढायचं, दोन्हीची सरमिसळ करत नाहीत.

आणि @निशाचर, दोन्ही जमलेला गेम म्हणजे आउटर वाइल्ड्स (२०१९). २२ मिनिटांनी सूर्य फुटतो, तुम्ही मरता आणि परत सुरुवातीला येता. कुठल्या ग्रहावर आधी जायचं ते कोणी सांगत नाही, नवीन शस्त्र नाही, लेव्हल नाही, वाढतं ते फक्त तुमचं ज्ञान. सगळं माहीत असेल तर एका फेरीत शेवट गाठता येतो इतकं मोकळं ठेवलंय, आणि गोष्ट तर आधीच घडून गेलेली, तुम्ही ती भिंतींवर लिहिलेलं वाचून जोडत जायची.

निशाचर:
त्या जमावात मी गोळ्याच घातल्या होत्या, हवेत झाडून चालतं हे आत्ता कळतंय. तेवढ्यासाठी तो गेम परत लावणार. आउटर वाइल्ड्स सेलमध्ये आला की घेतो, त्यातलं पुढचं कोणी काही सांगू नका प्लीज.