स्वस्तातला डिस्क प्लेअर: ४केचा नाद सोडा, वापरलेला साधा ब्लू-रे घ्या

पाचपॉइंटएक

पंचावन्न इंची ४के टीव्ही भिंतीवर चढला, रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरना वाटणारा डबा) आणि पाच स्पीकर जमले, आता प्लेअर कोणता, असं विचारलं की दुकानदारापासून यूट्यूबपर्यंत सगळे ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे सुचवतात. माझं मत उलटं आहे. खिशात पाच-सात हजारच असतील तर वापरलेला साधा १०८०पी (फुल एचडी) ब्लू-रे प्लेअर घ्या आणि उरतील ते पैसे सबवूफरकडे वळवा.

कारण आवाज. बहुतेक साध्या ब्लू-रे डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो, म्हणजे स्टुडिओत जे मिक्स झालं ते काहीही न गाळता. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतोय असं भासवणारी डॉल्बीची पद्धत) असेल तर त्याची माहितीही ट्रूएचडीच्या पोटातच असते. त्यामुळे अ‍ॅटमॉस घरात यायच्या आधीचा, २०१०-११चा प्लेअरसुद्धा ती रिसीव्हरपर्यंत पोचवतो. प्लेअर इथे हमाल आहे, गाठोड्यात काय आहे हे त्याला कळायची गरज नाही. सेटिंगमध्ये आवाज ‘बिटस्ट्रीम’वर, म्हणजे न उलगडता जसाच्या तसा पाठवण्यावर, ठेवा आणि ‘बीडी ऑडिओ मिक्स’ किंवा ‘सेकंडरी ऑडिओ’ नावाचा पर्याय बंद करा. तो चालू राहिला की बरेच प्लेअर गुपचूप साधा डॉल्बी पाठवतात आणि माणूस रिसीव्हरला शिव्या घालतो.

स्ट्रीमिंगवरही अ‍ॅटमॉस असतं, पण डॉल्बी डिजिटल प्लसमधून. नेटफ्लिक्सवर ते फार तर ७६८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). ट्रूएचडी त्याच्या कितीतरी पट जातं.

चित्राचं म्हणाल तर नऊ-दहा फुटांवरून पंचावन्न इंचात १०८०पी आणि ४केमधले जादा पिक्सेल मोजायला कुणी बसत नाही. एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राचा, फरक मात्र दिसतो, ते नाकारत नाही.

नवा डीव्हीडी प्लेअर घेऊ नका. खोक्यावर ‘१०८०पी अपस्केलिंग’ छापलेलं असतं, पण डिस्कवर मुळात ७२० बाय ५७६ च आहे, एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) असेल तर ५७६च्या जागी ४८०. ताणायचं काम तुमचा टीव्ही तसंही करतोच.

वायफायवाला

हमाल आवडला, पण त्याच्या डोक्यावर ठेवायला गाठोडं आणायचं कुठून? ओप्पोने २०१८मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकेतल्या बाजारातून अंग काढून घेतलं. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३मध्ये पोस्टाने डीव्हीडी पाठवणं बंद केलं आणि पुढच्या वर्षी बेस्ट बाय या दुकानांच्या साखळीने दुकानातल्या डिस्कचे कप्पे रिकामे केले. ही त्या अमेरिकेची गोष्ट, जिथे डिस्क विकत घेणारा वर्ग खरोखर होता. आपल्याकडे तो कधी तयारच झाला नाही. मराठी सिनेमा ब्लू-रेवर शोधून दाखवा, हाताची बोटंही लागणार नाहीत. मग हे ट्रूएचडी ऐकायचं कुठल्या सिनेमाचं? दर महिन्याला एक इंग्रजी डिस्क मागवलीत तर वर्षाच्या वर्गणीएवढे पैसे दोन-तीन महिन्यांत उडतील.

पाचपॉइंटएक

मराठी ब्लू-रेचा मुद्दा खरा, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण वर्गणीची तुलना चुकीच्या गोष्टीशी करताय. मी रोज पाहायच्या मालिकांबद्दल बोलत नाहीये. दहा-वीस सिनेमे असे असतात जे माणूस पुन्हा पुन्हा लावतो, आणि नेमके तेच एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर फिरत राहतात. ते कपाटात हवेत. आणि हो, वापरलेल्या डिस्कही मिळतात.

व्हीसीडीकाका

तुम्ही दोघंही आमच्या पिढीचं कपाट विसरलात. मोझर बेअर कंपनीने ३४ रुपयांत डीव्हीडी आणि २८ रुपयांत व्हीसीडी काढली तेव्हा आम्ही किराणा आणायला जायचो आणि सिनेमा घेऊन यायचो. तो सगळा साठा आहे. शिवाय नाटकं! कितीतरी मराठी नाटकांची चित्रीकरणं फक्त व्हीसीडीवर आली. चित्र ३५२ बाय २८८, चेहरे मेणाचे दिसतात, कबूल. पण जे नट आता नाहीत त्यांचा प्रयोग तेवढाच उरलाय.

आता मुद्द्याचं. पुष्कळ ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी घेतच नाहीत. ट्रे आत जातो, जरा घरघरतो आणि पडद्यावर ‘डिस्क वाचता येत नाही’ येतं. उलट तीन-चार हजारांचा साधा डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी, एमपी३, पेनड्राइव्ह, काय द्याल ते वाजवतो. म्हणून ज्याच्या घरी जुना साठा आहे त्याला ‘नवा डीव्हीडी प्लेअर घेऊ नका’ हा सल्ला देऊच नये.

पाचपॉइंटएक

काका, व्हीसीडी असेल तर आधी त्या मॉडेलचं मॅन्युअल नेटवर उघडून ‘प्लेएबल डिस्क’चं पान पाहायचं. चालणारे ब्लू-रे प्लेअरही आहेत. पण तुमचा प्रश्न होम थिएटरचा नाही, साठा सांभाळण्याचा आहे. तुमच्या जागी मी असतो तर व्हीसीडीच्या फायली संगणकावर उतरवून घेतल्या असत्या. त्या डिस्क आणखी वीस वर्षं वाचता येतील या भरवशावर बसू नका.

व्हीसीडीकाका

संगणकावर उतरवायला संगणकाला ड्राइव्ह लागतो. नातवाच्या लॅपटॉपला तो नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. धाग्याचं नावच पटलं नाही. इथे ४के डिस्क सेलमध्ये बऱ्यापैकी उतरतात, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ४के डिस्कला रीजनची (कुठल्या देशातला प्लेअर ती वाजवेल याची) भानगड नाही. साध्या ब्लू-रेला आहे: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. मी इथून पुण्याला भावासाठी साधी ब्लू-रे पाठवली आणि त्याच्या प्लेअरने नाकारली तर टपालखर्च पाण्यात. काही स्टुडिओ रीजन लावत नाहीत, पण ते डिस्क येईपर्यंत कुणाच्या लक्षात राहतं?

स्वस्तातच हवं तर वापरलेला एक्सबॉक्स वन एस हा गेम कन्सोल पाहा. तो ४के डिस्क वाजवतो, एचडीआर देतो. धागाकर्ते एचडीआरला एका वाक्यात उरकून मोकळे झाले, पण अंधाऱ्या खोलीतला मेणबत्तीचा प्रसंग एकदा दोन्ही डिस्कवर पाहा, मग सबवूफरचं बोलू.

पाचपॉइंटएक

एक्सबॉक्स वन एसची सूचना चांगली आहे, बजेटमध्ये ४केला हाच खरा रस्ता. डिस्कवरून डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) तो देत नाही आणि शांत प्रसंगात पंखा ऐकू येतो, एवढं धरून चाला. सोनीच्या पीएस४ कन्सोलच्या नादाला ४केसाठी कुणी लागू नये, प्रो मॉडेलसुद्धा ४के डिस्क वाचत नाही.

पण एचडीआर टीव्हीवर अवलंबून आहे. स्वस्त ४के टीव्ही एचडीआर सिग्नल घेतो, पण पॅनेलमध्ये तेवढा उजेडच नसतो. मग मेणबत्तीचा प्रसंग नुसता काळपट दिसतो. पाच हजारांचा प्लेअर शोधणाऱ्याकडे बहुधा तसलाच टीव्ही असतो.

आणि अमेरिकेतून प्लेअर आणणाऱ्यांनी मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. नुसतं १२० लिहिलं असेल तर इथल्या २३०वर थेट लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल.

तिसरामजला

अहो, रिसीव्हर-बिसीव्हर कुणाकडे असतो? आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीचं होम थिएटर आहे. मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना आणि एक ऑप्टिकलचं भोक, एचडीएमआय नाही. ब्लू-रे आणून ठेवायचा कुठे?

पाचपॉइंटएक

ताई, तुमचं काम होईल. चित्र एचडीएमआयने थेट टीव्हीला, आवाज ऑप्टिकलने होम थिएटरला. फक्त प्लेअर घेताना त्याच्या पाठीमागे ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल (डिजिटल आवाजाचं भोक) आहे का ते पाहा, स्वस्त मॉडेलमधून ते गायब झालंय. पिवळ्या पिनेची आशा सोडा. ब्लू-रेच्या कॉपी-संरक्षणाच्या नियमांमुळे २०१३नंतर बनलेल्या प्लेअरला ब्लू-रेचं चित्र अ‍ॅनालॉग पिनांवरून द्यायला बंदी आहे.

ऑप्टिकलमधून ट्रूएचडी जात नाही. पण डीटीएस-एचडी ट्रॅकच्या आत साधा डीटीएस असतो, तो १५०० केबीपीएसच्या आसपास जातो. तुमच्या होम थिएटरवर डीटीएसचा शिक्का असेल तर झालं. म्हणजे पंधरा वर्षांच्या जुन्या डब्यालाही स्ट्रीमिंगच्या दुप्पट माल मिळतो. वायफायवाले, ऐकताय ना?

वायफायवाला

ऐकतोय. दुप्पट केबीपीएस म्हणजे दुप्पट चांगला आवाज नव्हे. दोन्हींची कोडेक (आवाज दाबून साठवायची पद्धत) वेगळी, आणि डॉल्बी डिजिटल प्लस कमी जागेत जास्त काम करतं. डोळे बांधून ओळखून दाखवा, मग बोलू.

सोल्डर

दुरुस्तीच्या धंद्यात आहे म्हणून एकच सांगतो. डीव्हीडी प्लेअरची लेन्स लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, तासाभरात बसते. ब्लू-रेची लेन्स मॉडेलनुसार वेगळी, आणि जुन्या मॉडेलची मिळाली तर दुसऱ्या मेलेल्या मशीनमधली. किनारपट्टीच्या दमटपणात आणि वापराविना पडलेल्या मशीनमध्ये ती आधी जाते. ‘वापरलेला ब्लू-रे घ्या’ म्हणताना हे सांगायला हवं होतं. घेताना सोबत स्वतःची डिस्क न्या. डीव्हीडी वाजली म्हणून ब्लू-रे वाजेल असं समजू नका, दोन्हीचे लेझर वेगळे. डीव्हीडीचा लाल चालू असतो आणि ब्लू-रेचा निळा गेलेला, असे पीस विकायला येतात. शक्यतो दोन थरांची, ५० जीबीची डिस्क लावा आणि शेवटच्या अर्ध्या तासावर उडी मारून पाहा, कमजोर लेन्स तिथे अडकते.

पाचपॉइंटएक

सोल्डर यांचा प्रतिसाद वर चिकटवायला हवा. त्यात एक भर: रिमोट सोबत आहे का पाहा. ब्लू-रेची बरीचशी सेटिंग प्लेअरवरच्या बटणांनी उघडतच नाहीत, आणि बिटस्ट्रीमचा पर्याय तिथेच दडलेला असतो. आणि प्लेअर इंटरनेटला जोडून फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या, नव्या डिस्कचं कुलूप त्याशिवाय उघडत नाही. ज्या मॉडेलचे अपडेट कंपनीने कधीच थांबवलेत ते आणखी स्वस्त मिळतं, पण जुन्याच डिस्क पाहणार असाल तरच घ्या.

एडिसनकर

एक्सबॉक्सला ही कटकट नाही, अपडेट अजून येतात. बघा, फिरून तिथेच आलात.