काचेच्या छताची जुनी पोर्शे ९११ टार्गा: घ्यावी, की त्याच पैशांत कूपे घ्यावी?

टेम्सपलीकडे (मूळ प्रश्न)

मागे इंजिन असलेली सहा सिलिंडरची पोर्शे एकदा तरी बाळगावी, ही माझी जुनी इच्छा आहे, आणि आता अठरा ते बावीस हजार पौंडांच्या मर्यादेत ती पुरी होण्यासारखी दिसते. या रकमेत माझ्यासमोर दोन गाड्या आहेत. दोन्ही ९९६ या पिढीतल्या ९११ आहेत, दोन्ही २००३ सालच्या, दोन्हींचे इंजिन ३.६ लिटरचे आणि ३२० अश्वशक्तीचे, आणि दोन्हींचे गिअर हातानेच बदलायचे आहेत. फरक एवढाच की एक साधी, पत्र्याच्या छताची कूपे आहे आणि दुसरी टार्गा.

ज्यांनी ही टार्गा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून गाडीच्या शेपटीपर्यंत तिचे छत काचेचे आहे. बटण दाबले की छताचा पुढचा भाग किंचित खाली उतरून मागच्या काचेखाली सरकतो, आणि ऊन नको असेल तेव्हा आतून एक कापडी पडदा विजेवर पुढे येतो. याशिवाय मागची काच डिकीच्या दारासारखी वर उघडते. कूपेला ही सोय नाही.

गाडी मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीतल्या लांबच्या प्रवासाला वापरली जाईल. घराला गॅरेज नाही, त्यामुळे ती रस्त्याच्या कडेलाच उभी राहील. माझा कल टार्गाकडे आहे. विरुद्ध मत असणाऱ्यांनी ते नि:संकोच मांडावे.

घाटवाट

मी विरुद्ध बाजूचा आहे. टार्गा कूपेपेक्षा सुमारे ७० किलोने जड आहे. एका प्रौढ माणसाएवढे हे वजन पुढच्या सीटवर बसलेले असते तर मी गप्प बसलो असतो. ते बरेचसे गाडीच्या सर्वांत उंच भागात आहे, आणि त्यामुळे गुरुत्वमध्य वर जातो. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेल्या गाडीत वजन कुठे आहे याला जे महत्त्व असते, ते इतर गाड्यांत नसते. सरळ मोटरवेवर हा फरक जाणवणार नाही, पण डर्बीशायरमधल्या स्नेक पाससारख्या रस्त्यावर, जिथे एक वळण संपण्याआधी दुसरे सुरू होते, तिथे कूपेची चपळाई वेगळीच असते, आणि माझ्या मते स्पोर्ट्‌स कार घेण्याचे खरे कारण तीच चपळाई आहे.

दुसरा मुद्दा यंत्रणेचा. रूळ, केबल, मोटारी, प्लास्टिकचे छोटे सरक-तुकडे, रबरी पट्ट्या आणि पावसाचे पाणी खाली नेणाऱ्या निचरा नळ्या एवढ्या सगळ्यांनी वीस वर्षांनंतरही एकमेकांशी जुळवून घेतले, तरच छत नीट सरकते. एका बाजूची केबल दुसरीपेक्षा किंचित मागे पडली की काच तिरकी अडकते. खडबडीत रस्त्यावर ही छते करकरतात, याबद्दल टार्गाचे चाहतेही वाद घालत नाहीत. आपली गाडी उघड्यावर, कदाचित झाडाखाली उभी राहणार आहे. पाने कुजून निचरा नळ्या तुंबल्या की पाणी गाडीत उतरते आणि सीटखालच्या विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचते.

आणखी एक गोष्ट खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. इंग्लंडमधल्या वार्षिक एमओटी तपासणीत ब्रेक, टायर, दिवे, धूर आणि सांगाड्याचा गंज पाहिला जातो. छत सरकते की नाही, हे पाहिले जात नाही. एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर मोफत दिसतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण या गाडीतला खर्चाचा सर्वांत मोठा धोका त्या कागदावर येतच नाही.

चौथी सीट

घाटवाट यांचे वजनाचे गणित बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. प्रश्नकर्त्यांनी वापर स्पष्ट सांगितला आहे: सुट्टीतले लांबचे प्रवास. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा नॉर्थ कोस्ट ५०० हा सुमारे ५०० मैलांचा मार्ग डोळ्यांसमोर आणा. तिथे निम्मा वेळ पाऊस किंवा धुके असते, रस्ता अनेक ठिकाणी एकाच गाडीपुरता रुंद असतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी वारंवार थांबावे लागते. अशा रस्त्यावर ७० किलो कमी असल्याचा उपयोग किती वेळा होईल? डोक्यावरच्या काचेतून कडा आणि ढग दिसण्याचा उपयोग मात्र प्रत्येक मैलाला होईल, आणि तोही छत बंद असताना, हीटर चालू असताना. कॅब्रिओलेचे कापडी छत बंद केले की आत अंधार होतो. टार्गा बंद असतानाही मोकळी वाटते, आणि ब्रिटनच्या हवामानात ती बहुतेक वेळ बंदच असणार आहे.

उघडणाऱ्या मागच्या काचेचे महत्त्व तर या चर्चेत कोणी लक्षात घेतलेलेच नाही. ९११ च्या मागच्या दोन सीटवर मोठा माणूस बसू शकत नाही, त्यामुळे त्या सीटच्या पाठी पाडून तिथे सामान ठेवणे हाच त्यांचा व्यवहारातला उपयोग. कूपेत त्यासाठी पुढची सीट वाकवून दारातून बॅग आत कोंबावी लागते. टार्गात मागची काच उचलून बॅग सरळ ठेवता येते. आठवड्याच्या प्रवासात ही सोय रोज दोनदा कामाला येते.

करकर होते, हे मान्य आहे. ती रबरी पट्ट्यांना योग्य वंगण लावल्याने आणि छताची नीट जुळवणी केल्याने कमी होते. पूर्ण जात नाही.

सहा आडवे

मला या वादात तत्त्वाची अडचण आहे. १९६५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात जी टार्गा दाखवली गेली, तिच्यावर स्टेनलेस स्टीलची रुंद कमान होती आणि मधला छताचा तुकडा हाताने काढून ठेवायचा असे. उघड्या गाड्यांवर अमेरिकेत सुरक्षेचे कडक नियम येतील या धास्तीतून ती कल्पना निघाली होती. १९९६ च्या ९९३ या पिढीपासून कमान गेली आणि सरकणारी काच आली, तेव्हापासून ९९६ आणि ९९७ या पिढ्यांपर्यंत जे विकले गेले ते म्हणजे मोठे सनरूफ असलेली कूपे. कंपनीने २०१४ मध्ये कमान परत आणली, ती काही उगाच नाही. ज्यांना टार्गा हवी आहे त्यांनी कमानीची घ्यावी, आणि ज्यांना ९११ हवी आहे त्यांनी कूपे घ्यावी.

चौथी सीट

कमान असलेली जुनी टार्गा, चांगल्या स्थितीत, या रकमेत मिळत नाही, आणि २०१४ नंतरची तर दूरच राहिली. शिवाय त्या नव्या टार्गात मागची अखंड काच वर उचलून कापडी तुकडा तिच्याखाली ठेवणारी जी यंत्रणा आहे, ती घाटवाट यांनी एकदा पाहावी. वीस वर्षांनी तिची दुरुस्ती करणाऱ्या माणसापुढे ९९६ चे रूळ आणि केबल सोपे वाटतील.

नोंदवही

छताची चर्चा वाचून मला थोडे आश्चर्य वाटते, कारण ९९६ घेताना पहिला प्रश्न इंजिनाचा असतो आणि तो कूपेलाही तितकाच लागू आहे. या इंजिनात क्रँकशाफ्टकडून (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याकडून) कॅमशाफ्टकडे (झडपा उघडणाऱ्या दांड्याकडे) गती नेणारा एक मधला दांडा आहे. त्याच्या एका टोकाचे बॉल बेअरिंग बंदिस्त असते. कालांतराने सील सैल होते, आतले वंगण धुऊन जाते आणि बेअरिंग झिजते. ते फुटले की झडपा आणि पिस्टन यांची वेळ चुकते आणि बहुधा अख्खे इंजिन बाद होते. अमेरिकेत या दोषावरून झालेल्या सामूहिक दाव्यात २०१३ साली तडजोड झाली, आणि २००१ ते २००५ या काळातल्या गाड्या तिच्या कक्षेत होत्या. आपल्या दोन्ही गाड्या त्याच काळातल्या आहेत.

म्हणून दोन्ही विक्रेत्यांकडे हे बेअरिंग बदलल्याचे बिल मागावे. ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यामुळे जाणकार मालक क्लच बदलतानाच हे काम उरकून घेतात. क्लचचे बिल आहे आणि बेअरिंगचे नाही, अशी गाडी दिसली तर मालक कसा आहे याचा अंदाज येतो. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का, हे कॅमेऱ्याची बारीक नळी आत घालून पाहता येते. ही तपासणी स्वतंत्र जाणकार कारागिराकडून करून घ्यावी. जोडीला पुढच्या बंपरमधल्या हवेच्या तोंडांतून आत डोकावून पाहावे: तिथे पाने साचून कुजतात आणि एसीचे कंडेन्सर गंजतात.

माझ्या दृष्टीने निर्णय छतावर नाहीच. ज्या गाडीची कागदपत्रे जाड, ती गाडी घ्यावी.

टेम्सपलीकडे

दोन्ही विक्रेत्यांकडे विचारणा केली. कूपेचे बेअरिंग क्लचबरोबर बदललेले आहे आणि बिल उपलब्ध आहे. टार्गाच्या विक्रेत्याचे म्हणणे असे की गाडीला कधीच त्रास झालेला नाही, म्हणून बदलले नाही. टार्गाचे छत मात्र त्याने व्हिडिओवर तीन वेळा उघडून-मिटून दाखवले, आणि ते सुरळीत चालते.

दख्खनी ऊन

मी पुण्याहून लिहितो आहे. आपण पुढेमागे भारतात परतताना ही गाडी सोबत आणण्याचा विचार करत असाल, तर तो आताच सोडून द्यावा. स्टिअरिंग उजवीकडे असल्याने एक अट पुरी होते, पण वापरलेली गाडी आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, हा नियम आड येतो. शिवाय सीमाशुल्क वेगळे. आणि ती आणता आली असती तरी एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर दीड चौरस मीटर काच घेऊन सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत बसण्यात सुख नाही. काच रंगवलेली आहे, पडदा आहे, एसी आहे, हे सगळे धरूनही मी हे म्हणतो.

उन्हाचा मुद्दा इंग्लंडलाही अगदीच परका नाही. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते.

चौथी सीट

एका दिवसाच्या विक्रमासाठी वर्षभराचा उजेड सोडावा, हे पटत नाही. पण बेअरिंगबद्दलचे उत्तर वाचून माझेही मत थोडे सरकले आहे. टार्गा घ्यायचीच असेल तर क्लच आणि बेअरिंग या दोन्ही कामांची रक्कम किमतीतून वजा करून बोली लावावी. विक्रेता तयार नसेल तर दुसरी टार्गा शोधावी. या पिढीतल्या टार्गा कमी असल्या तरी बाजारात येत राहतात.

घाटवाट

ती शोधताना ९९७ पिढीच्या टार्गाचा मोह होईल, म्हणून एक इशारा देतो. ती फक्त चारही चाकांना शक्ती देणाऱ्या रूपातच विकली गेली, त्यामुळे वजन आणखी वाढते. शिवाय ब्रिटनमध्ये २३ मार्च २००६ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यांचा रस्ताकर ‘के’ वर्गावर थांबतो. ९९७ टार्गा त्यानंतर बाजारात आली आणि तिला वरच्या वर्गांचा, बराच जास्त कर दरवर्षी भरावा लागतो.

विमाही नीट वाचावा. पुढची काच फुटली तर बहुतेक करारांत भरपाई मिळते. छताची काच त्याच कलमात येते की नाही, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. एवढी मोठी, वक्र आणि फक्त याच मॉडेलला बसणारी काच स्वतःच्या खिशातून घेण्याची वेळ आली तर वजनावरचा माझा सगळा वाद क्षुल्लक वाटेल.

टेम्सपलीकडे

विमा कंपनीला लेखी विचारले आहे. टार्गाच्या विक्रेत्याला बेअरिंग आणि क्लचचा खर्च वजा करून आकडा कळवला, आणि त्याने मान्य केले तर गाडी मुसळधार पावसाच्या दिवशीच पाहायला जाईन, असे ठरवले आहे. तो नाही म्हणाला तर कूपेचा मालक शुक्रवारपर्यंत थांबायला तयार आहे.

सहा आडवे

पावसात पाहायला गेलात तर गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबून पाहा. वरचा गालिचा विक्रीपूर्वी वाळवता येतो. खालचा फोम आठवडाभर ओला राहतो.