नऊ वर्षांच्या खंडानंतर अकाऊंटचं काम: मी व्हॅटच्या काळातली, सुरुवात कुठून करू?

सुताचा_कोन (इचलकरंजी)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४४, बी.कॉम., शिवाजी विद्यापीठ. २००३ ते २०१६ अशी तेरा वर्षं मी एकाच सूत व्यापाऱ्याच्या पेढीत काम केलं. तिथे एक वयस्कर दिवाणजी होते, त्यांच्या हाताखाली शिकले. बिलं, बँक, दलाली, वटाव, उधारीवरचं व्याज, बँकेला दर महिन्याला जाणारं सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) स्टॉक स्टेटमेंट, सगळं माझ्या हातचं होतं. निपाणी-बेळगावच्या पार्ट्यांकडून सी फॉर्म, म्हणजे परराज्यातल्या विक्रीला कमी कर लागावा म्हणून घ्यायचा कागद, वसूल करणं तर पूर्ण माझ्याकडेच. कोणती पार्टी गोड बोलून फॉर्म देते आणि कोणाला चारदा फोन करावा लागतो, हे मला पाठ होतं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नणंद लांब, यजमान सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) पाळीला, मुलगी तेव्हा तिसरीत. शेठना सांगितलं, दोन-तीन महिन्यांत परत येते. महिनाभरात नोटाबंदी झाली, तेव्हा त्यांचे रोज फोन यायचे, 'अमुक पार्टीचं खातं कुठे लिहिलंय?' पुढच्या जुलैत जीएसटी आला. तो मी टीव्हीवर बघितला, सासूबाईंना पेज भरवता भरवता. नंतर शेठ वारले, मुलांनी पेढी बंद केली, आणि माझी परत जायची जागाच उरली नाही.

सासूबाई गेल्या वर्षी मे महिन्यात गेल्या. साडेआठ वर्षं दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही, हे डॉक्टरांनीही बोलून दाखवलं होतं. मी त्या वर्षांबद्दल रडत नाही. आता मुलगी बारावीला आहे, यजमानांच्या सायझिंगला काम कमी आहे, आणि मला काम हवंय. पैशासाठी हवंच, पण मला ते काम आवडायचं, म्हणूनही हवंय.

आतापर्यंत ११ ठिकाणी अर्ज दिले. तीन ठिकाणी बोलावलं.

एका ठिकाणी मालकांच्या मुलाने विचारलं, 'मधली नऊ वर्षं काय केलंत?' म्हटलं, सासूबाईंचं आजारपण काढलं. तो म्हणाला, 'म्हणजे घरीच होता.' आणि माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचायची सवय आहे, समोरच्याच्या टेबलावरचं बिल वाचून वाचून लागलेली. त्याने लिहिलं होतं, 'गॅप ९'. त्यापुढे पाच मिनिटं तो बोलत होता, पण माझी नजर त्या दोन अक्षरांवरून हलेना.

दुसऱ्या ठिकाणी टॅलीवर बसवलं. सूत परत आल्याची क्रेडिट नोट टाका म्हणाले. माझा हात आपोआप कंट्रोल आणि एफ-८ वर गेला. तेरा वर्षं तीच कळ होती. स्क्रीनवर सेल्स ऑर्डर उघडली. मी बंद केलं, परत दाबलं, परत सेल्स ऑर्डर. शेजारी बसलेल्या मुलीने हळूच सांगितलं, 'मॅडम, आता ऑल्ट आणि एफ-६.' ती चांगलीच वागली, पण माझे तळहात घामाने ओले झाले होते. मग विचारलं, '२बी रिको येतं का?' मला ते शब्दच कळले नाहीत.

तिसऱ्यांनी बघून कळवतो म्हटलं. कळवलं नाही.

आता विचारायचं ते असं. हा खंड अर्जात कसा लिहू, की लिहूच नको? इथल्या एका क्लासने टॅली-जीएसटीचा तीन महिन्यांचा कोर्स १८,००० रुपयांत सांगितलाय, तो करू का? तेवढे पैसे काढायचे तर सोन्याची पाटली विकावी लागेल. आणि कोणी आठ हजारांवर ठेवतो म्हटलं, तर हो म्हणावं का? २०१६ मध्ये मला १४,००० होते.

---

भरधाव

ताई, सरळ लिहा की घरून दोन-तीन पार्ट्यांचे अकाऊंट बघत होते. कोण तपासायला येतंय? बाहेर सगळे असंच करतात. खरं बोलून तुम्हाला काय मिळालं, 'गॅप ९'.

---

सुताचा_कोन

दादा, तुम्ही माझ्या बाजूने सांगताय हे कळतं. पण घरून अकाऊंट बघत होते म्हटलं, तर पुढचाच प्रश्न २बीचा येणार आणि मी तिथेच पकडली जाणार. शिवाय अकाऊंटंटच्या हातात मालकाच्या बँकेचे पासवर्ड असतात. पहिल्याच दिवशी खोटं सांगून ते हातात घ्यायला माझं मन धजत नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, मी सांगलीत करसल्लागार आहे. २००५ ला व्हॅट सुरू झाला तेव्हापासून या धंद्यात आहे, आणि माझ्याकडे माणसं मीच निवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी २बी रिको, म्हणजे २बीची जुळवणी. तुम्हाला ते येतं, फक्त नाव माहीत नाही. व्हॅटच्या फॉर्म ७०४ च्या ऑडिटच्या वेळचे जे-१ आणि जे-२ हे तक्ते आठवतात ना? विकणाऱ्याच्या जे-१ मधली विक्री आणि तुमच्या जे-२ मधली खरेदी जुळली नाही की विक्रीकर खात्याची नोटीस यायची, आणि तुम्ही पार्टीला फोन करत बसायचा. २बी म्हणजे तेच, फक्त वर्षातून एकदा नाही, दर महिन्याला. माल देणारे ११ तारखेपर्यंत आपापलं विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, भरतात. त्यात तुमच्या जीएसटी नंबरावर जी बिलं दाखवली, त्यांची यादी १४ तारखेला पोर्टलवर तयार होते. ती तुमच्या खरेदीशी लावून बघायची आणि २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरायचं. जे बिल यादीत आलं नाही त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, २०२२ पासून हे कडक आहे. मग अशा वेळी काय करायचं? ज्याने बिल दाखवलं नाही त्याच्या मागे लागायचं. सी फॉर्मसाठी लागत होता तसंच. माझ्याकडे बी.कॉम. झालेली हुशार पोरं येतात. कॉम्प्युटर त्यांचा झकास असतो, पण समोरच्या गावातल्या अनोळखी दिवाणजीला फोन करून बिल दुरुस्त करून घ्यायचं म्हटलं की गप्प बसतात. तुम्ही तेरा वर्षं दुसरं काय केलंत?

आणखी एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ ला सिंथेटिक सुताचा जीएसटी दर १२ टक्क्यांचा ५ झाला. त्या आठवड्यात ज्यांनी एक दिवसही खंड घेतला नव्हता, तेसुद्धा टॅलीतले मास्टर (माल आणि दराच्या मूळ नोंदी) उघडून बसले होते आणि एकमेकांना फोन करत होते, २१ तारखेचं बिल आणि २३ ला पोचलेला माल याचं काय करायचं म्हणून. या कामात सगळेच अधूनमधून नवशिके होतात.

पाटली विकू नका. टॅलीप्राइम कंपनीच्या साइटवरून उतरवून घेता येतं, एज्युकेशनल मोडमध्ये पैसे लागत नाहीत. त्यात फक्त १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात, पण हात बसायला तेवढं पुष्कळ झालं. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी, हे सगळं तुमच्या वेळचंच आहे. बदलल्या त्या मोजक्या कळा कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. आठ दिवसांत तो कागद काढून टाकाल.

मग ओळखीतला एखादा छोटा कारखानदार गाठा आणि त्याचा एक महिना मागून घ्या. खरेदीचं रजिस्टर आणि २बीची एक्सेल. घरी बसून जुळवा. जे जुळलं नाही ते का नाही, हे प्रत्येक बिलासमोर मराठीत एका ओळीत लिहा. मुलाखतीला तो कागद घेऊन जा, पार्टीची नावं झाकून. माझ्यासमोर कोणी असा कागद ठेवला, तर मी खंडाबद्दल विचारणारही नाही.

अर्जात लिहा: 'ऑक्टोबर २०१६ ते मे २०२५, घरातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्ण वेळ देखभाल.' एक ओळ, माफी नको, खुलासा नको. ती ओळ खाली. वर तेरा वर्षांचं काम, सीसीच्या स्टॉक स्टेटमेंटसकट. बँकेचं ते काम आजही तसंच आहे, आणि ते व्यवस्थित करणारं माणूस मिळत नाही.

आठ हजारांना नाही म्हणू नका, पण मुदत बोलून घ्या. तीन महिने इतके, नंतर इतके, आणि हे पहिल्याच दिवशी. 'आधी काम बघू, मग ठरवू' असं म्हणणाऱ्याकडे आठवड्याच्या वर बसू नका.

---

सातपूर_रात्रपाळी (नाशिक)

मी अकाऊंटवाला नाही, व्हीएमसी ऑपरेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवरचा माणूस. २०२० मध्ये कारखाना बंद पडला तेव्हा ४७ वर्षांचा होतो. अडीच वर्षं कायम काम नव्हतं. ऑनलाइन किती अर्ज टाकले ते मोजायचंच सोडलं होतं.

ताई, मला काम कसं लागलं ते सांगतो. मी लोकांना टाळायला लागलो होतो. जुन्या खात्यातला कोणी दिसला की रस्ता बदलायचो, कारण 'सध्या कुठे?' हा प्रश्न नको असायचा. एकदा दूध आणायला गेलो तर जुना इन्स्पेक्शनवाला समोरच आला, पळायला जागाच नव्हती. त्याने विचारलं, मी म्हणालो, घरी आहे, काम बघतोय. तो म्हणाला, 'अरे मग सांगायचंस ना, आमच्याकडे रात्रपाळीला माणूस नाही.' चार दिवसांत मी अंबडला मशीनवर उभा होतो. म्हणजे ते काम तिथे आधीपासून पडून होतं, आणि मी त्याच माणसाला वर्षभर चुकवत होतो.

तुमच्या गावात तर सूत, सायझिंग, माग, सगळे एकमेकांना ओळखतात. तुमच्या जुन्या पेढीत येणारे दलाल आता कुठे असतील? त्यांना फोन करा. दलाल रोज दहा पेढ्या फिरतो, कुणाचा दिवाणजी सोडून गेला हे त्याला आधी कळतं.

---

सुताचा_कोन

दोघांचंही पुन्हा पुन्हा वाचलं. जे-१, जे-२ वाचल्यावर एकदम डोळ्यांत पाणी आलं. मला वाटत होतं, माझं सगळं जुनं पुसलं गेलं.

दलालांना फोन करायचं सुचलंच नव्हतं. एकाचा नंबर जुन्या डायरीत आहे. उद्या करते.

---

सुताचा_कोन (सात आठवड्यांनी)

काय झालं ते लिहायचं राहिलं होतं.

दलालकाकांनी आवाज ओळखला. 'इतके दिवस कुठं होतीस?' म्हणाले. सगळं सांगितलं. त्यांनी एका सायझिंगवाल्यांकडे नेलं. त्यांचं रिटर्न बाहेरचे सल्लागार भरतात, पण खरेदीच्या फायली नुसत्या गठ्ठ्याने पडलेल्या. मी म्हटलं, मला एक महिना जुळवायला द्या, पैसे नकोत, शिकायचंय. त्यांनी फाइल आणि एक्सेल दिली.

६३ बिलं होती. रात्री जेवणं झाल्यावर मुलगी एका टोकाला अभ्यासाला आणि मी दुसऱ्या टोकाला, असे चार दिवस बसलो. ५८ जुळली. राहिलेल्या पाचांपैकी दोन अशा दुकानदारांची, जे तीन महिन्यांनी रिटर्न भरतात, म्हणून ती पुढे येणार. एकात बिल नंबर आपल्याकडे '४५' आणि त्यांच्याकडे '०४५/२५', बाकी तंतोतंत. एक बिल आपल्याच माणसाने दोनदा चढवलेलं. पाचवं स्टार्चचं, २२,४०० रुपयांचं क्रेडिट, यादीत कुठेच नाही.

मी पुरवठादाराला फोन लावला. पहिल्या दिवशी 'बघतो'. दुसऱ्या दिवशी 'साहेब नाहीत'. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, तुमचं रजिस्टर उघडा, मी फोनवरच थांबते. थांबले अकरा मिनिटं. गावात जवळजवळ त्याच नावाची दुसरी सायझिंग आहे, तिच्या नंबरावर बिल गेलं होतं. पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दुरुस्त करतो म्हणाले. मी ते त्यांच्याकडून मेलवर लिहून घेतलं.

कागद नेऊन मालकांच्या पुढे ठेवला, प्रत्येक बिलासमोर एक ओळ, कृष्णाकाठ दादांनी सांगितलं होतं तसा. त्यांनी स्टार्चच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'असं आधीच्या महिन्यांतही झालं असेल का?' मी म्हटलं, बघावं लागेल. ते म्हणाले, 'मग बघा.'

दुपारी दोन ते सहा, ९,००० रुपये, तीन महिन्यांनी १२,०००. मुदतीचं मीच बोलले, बोलताना आवाज कापत होता, पण बोलले. सकाळी मुलीचं आवरून होतं, त्यामुळे मला अर्धा दिवसच बरा. खंडाबद्दल त्यांनी एकदाच विचारलं. मी ती ओळ जशीच्या तशी सांगितली. ते म्हणाले, 'आमच्या आईचं सहा महिने केलं तर आम्ही चौघं भाऊ टेकीला आलो.' आणि फाइल पुढे सरकवली.

पाटली अजून कपाटात आहे.

कृष्णाकाठ दादा, एक विचारायचंय. त्यांच्याकडे टॅलीप्राइमची नवी आवृत्ती आहे आणि २बीची फाइल पोर्टलवरून उतरवून थेट टॅलीत घेऊन जुळवता येते म्हणतात. मी अजून एक्सेलवरच करतेय. येत्या १४ तारखेला पहिल्यांदा टॅलीत करून बघायचं ठरवलंय. बिल नंबरच्या पुढची शून्यं आणि मागचं '/२५' यांमुळे ती बिलं तिथेही न जुळलेली दाखवेल का? की आधी खरेदीच्या नोंदींत नंबर बिलावर छापलेत तसेच करून घेऊ?