जीन टेस्टशिवाय व्यायाम म्हणजे आंधळी कोशिंबीर? काहीही हं!

तिरकस_धावपटू
काल लोखंडप्रेमी यांनी लिहिलं की नळीत लाळ भरून जीन टेस्ट करून घेतल्याशिवाय जिमला जाणं म्हणजे आंधळी कोशिंबीर, आणि स्वतःचा रिपोर्ट 'पॉवर टाइप' (म्हणजे ताकदीच्या व्यायामाला योग्य) आला म्हणून त्यांनी कार्डिओ बंदच करून टाकला. तिथेच प्रतिसाद देणार होतो पण लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

हा 'पॉवर टाइप' ठरतो बहुतेक करून एसीटीएन३ या एका जीनवरून. वेगवान स्नायूतंतूंतलं एक प्रथिन त्याच्यामुळे बनतं. जगात साधारण पाच-सहा माणसांमागे एकाला ते बनतच नाही आणि त्याचं काही अडतही नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूंवर पेपर आला, वरच्या दर्जाच्या स्प्रिंटर्समध्ये ते प्रथिन नसलेले लोक फारच कमी सापडले, हे मान्य. पण तो अगदी शेंड्यावरच्या लोकांचा हिशेब, आपण कुठे तिथे? आणि तिथेही एक स्पॅनिश लांबउडीवाला निघालाच, ८.२६ मीटर उडी, ऑलिंपिक दर्जाचा गडी, आणि ते प्रथिन शून्य. त्याने आधी रिपोर्ट वाचला असता तर बिचारा मॅरेथॉन पळत बसला असता.

लोखंडप्रेमी
माझं वाक्य सोयीने अर्धं उचललंत. कार्डिओ 'जवळजवळ' बंद लिहिलं होतं. आणि हेरिटेज स्टडी का गाळलात? सगळ्यांना २० आठवडे एकसारखा व्यायाम दिला तर कुणाची ऑक्सिजन घ्यायची क्षमता मिनिटाला लिटरभर वाढली आणि कुणाची ढिम्म हलली नाही, आणि या फरकाचा जवळपास निम्मा भाग घराण्यातून आलेला. मग जीन्सचा काही संबंध नाही म्हणता?

तिरकस_धावपटू
संबंध नाही असं कुठे म्हटलंय, दाखवा. आनुवंशिक असणं वेगळं आणि ते नळीत सापडणं वेगळं. उंचीचंच घ्या, २०२२ मध्ये पन्नास लाखांवर लोकांचा डेटा चाळून डीएनएतल्या उंचीशी जोडलेल्या १२ हजारांवर जागा सापडल्या. तरी उंची मोजायला आपण टेपच लावतो ना, की थुंकतो? तसंच २० आठवडे पळा, काय वाढलं ते दिसेल.

सायकलवेडी
सगळंच थोतांड नसतं हो. माझ्या रिपोर्टमध्ये कॉफी हळू पचते असं आलं आणि अगदी खरं निघालं. दुपारी चारनंतर घेतली की रात्री दोनपर्यंत टक्क जागी. २०१८ च्या एका अभ्यासात १० किमी सायकलिंगच्या आधी कॅफिन दिलं तर जीनप्रमाणे काहींचा वेळ सुधारला आणि काहींचा चक्क बिघडला.

अर्धा_कप
चारला कॉफी घेतली की झोप उडते हे कळायला लाळ लागली?? 😂
आणि तो अभ्यास फक्त पुरुष खेळाडूंवर होता, ताई.

सायकलवेडी
ताई म्हणायचं काम नाही. रोज झोप उडते ती कामाच्या टेन्शनने की कॉफीने हे मला चार वर्षं कळलं नव्हतं, तुम्हाला पहिल्या दिवशी कळत असेल तर अभिनंदन.

अर्धा_कप
आठवडाभर सोडून बघायची. फुकट.

सायकलवेडी
आठवडाभर डोकं ठणकत होतं तेव्हा तुम्ही आला होता का बाम घेऊन?

निवांत_कासव
आमचे आजोबा रात्री दहाला फिल्टर कॉफी पिऊन साडेदहाला घोरायचे, ९१ वर्षं जगले. एवढंच सांगायचं होतं. चालू द्या.

गुडघेमोडे
कॉफीवर सहा प्रतिसाद झाले, धन्य आहात.
मला वेगळं सांगायचंय. धाकटा भाऊ, सडपातळ, रोज पळणारा. त्याने असलीच फिटनेस टेस्ट केली होती, त्यात हृदयासमोर गुबगुबीत हिरवा ठिपका आणि खाली 'एन्ड्युरन्ससाठी उत्तम'. प्रिंट काढून फ्रिजवर लावली होती त्याने. वर्षभराने ऑफिसच्या तपासणीत साधं कोलेस्टेरॉल केलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २६२, खूपच जास्त. वडील ४६ व्या वर्षी गेलेले, म्हणून डॉक्टरांनी वेगळी जीन तपासणी सांगितली, त्यात एलडीएलआर या, रक्तातलं एलडीएल काढून टाकायच्या कामाच्या जीनमध्ये दोष सापडला. साधारण अडीचशेत एकाला हा जन्मापासून कोलेस्टेरॉल वाढलेलं असण्याचा आनुवंशिक आजार असतो आणि मुलांत उतरायची शक्यता निम्मी. मग आम्ही सगळ्यांनी तपासलं. माझ्यात नाही, पुतणीत आहे. ती नऊ वर्षांची आहे.
जीन टेस्ट वाईट असं मी म्हणणार नाही. पण ती ठिपकेवाली नव्हे.

लोखंडप्रेमी
हे वाचून वाईट वाटलं, पुतणीला वेळेत कळलं हे बरं झालं. पण हे माझ्याच बाजूने जातंय की! टेस्ट केली म्हणूनच कळलं ना.

तिरकस_धावपटू
रक्ताच्या रिपोर्टवरून आणि वडिलांच्या वयावरून संशय आला, मग डॉक्टरांनी एकच ठरावीक जीन शोधला. तुम्ही विकताय ते याच्या बरोब्बर उलटं आहे. २०१५ मध्येच तज्ज्ञांनी एकत्र बसून लिहून ठेवलंय की थेट ग्राहकाला विकलेल्या या टेस्टना ट्रेनिंग ठरवण्यात काही जागा नाही.

लोखंडप्रेमी
'विकताय'?? मी एक रुपया घेतलेला नाही. शब्द मागे घ्या.

तिरकस_धावपटू
घेतला. फुकट जाहिरात करताय.

पेशी_पेशी
दोघंही थांबा जरा. एका प्रयोगात लोकांना ट्रेडमिलवर पळवलं, मग चिठ्ठी टाकल्यासारखं कुणाला 'तुझा व्यायामाचा जीन वाईट' सांगितलं आणि कुणाला 'चांगला', खरा जीन काही का असेना. पुन्हा पळवल्यावर 'वाईट' ऐकलेले लवकर थांबले आणि त्यांची शारीरिक मापंसुद्धा घसरली. लोखंडप्रेमी, तुम्हाला धावताना दम लागतो तो रिपोर्टच्या आधीपासून की नंतर?

गुडघेमोडे
आणि ती लाळ नंतर कुठे जाते तेही विचारा. ट्वेंटीथ्री अँड मी या लाळेवरून जीन टेस्ट करणाऱ्या अमेरिकन कंपनीमधून २०२३ मध्ये ६९ लाख लोकांची माहिती फुटली, २०२५ मध्ये दिवाळखोरी. पासवर्ड बदलता येतो.

लोखंडप्रेमी
@पेशी_पेशी, प्रामाणिकपणे, आठवत नाही. आधी तीन किमी आरामात पळायचो बहुतेक.
ठीक आहे, सोमवारपासून पुन्हा पळतो, झालं समाधान? पण स्क्वॉट माझा रिपोर्टनंतरच वाढलाय, तो तुमच्या प्रयोगाने वाढला असं म्हणा आता.

पेशी_पेशी
तेच म्हणतोय. 🙂

अर्धा_कप
सायकलवेडी, सॉरी. आजच सोडली. डोकं खरंच ठणकतंय.