लेखनिक हवा आहे

एकांनी लिहिलंय की कॉलेजच्या पोरांना आता कुणाचं काही पडलेलं नाही, म्हणून मूल्यशिक्षणाचा तास ठेवावा. तासाने फार काही होईल असं मला वाटत नाही. पोरांना खरं काम द्या.

असं एक काम दर सत्राला समोर असतं. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक लागतो, म्हणजे ते सांगतील ते उत्तर लिहून देणारा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्या विद्यार्थ्यापेक्षा खालचं लागतं. त्यामुळे वर्गमित्र चालत नाही, खालच्या वर्गातलं कुणीतरी शोधावं लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्याही परीक्षा असतात.

मी बारावीत असताना एका दादाचा इतिहासाचा पेपर लिहिला होता. तो सांगेल तेच लिहायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही, मग वाचून दाखवायचं. तिसऱ्या तासाला माझा हात भरून आला. तो लगेच थांबला, म्हणाला, "आधी हात झटक, मग पुढचं." त्याची वेळ जात होती!

एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) वर्षाला १२० तास भरायचे असतात. तुमच्या कॉलेजात हे काम त्यात धरतात का, कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा. जुलै-ऑगस्टमध्येच लेखनिक व्हायला तयार असलेल्यांची यादी करा : नाव, माध्यम, मोकळे दिवस. पेपरच्या आदल्या रात्री ग्रुपवर "लेखनिक हवा" असं टाकायची वेळ कुणावर येऊ नये.